‘याला पुरवणी लागणार आहे का?’ : कथेतला अपंग विद्यार्थी आपण कसा वाचतो

कथेतल्या प्राध्यापकाला चष्मा असला, तर त्या चष्म्याचा अर्थ काय, असं कोणी विचारत नाही. कथेतला विद्यार्थी पांढरी काठी घेऊन वर्गात आला की मात्र वाचकाचं डोकं कामाला लागतं. हे जन्मापासून की अपघाताने? लेखकाला यातून काय सुचवायचंय? शेवटी ऑपरेशन होणार का? खरं तर चष्मा आणि काठी, दोन्ही नजरेच्याच अडचणीसाठी वापरायच्या वस्तू. पण एक वस्तू सामानात जमा होते आणि दुसरी प्रतीक होऊन बसते.

हे कसं घडतं ते नुसतं सांगून पटत नाही, उतारा समोर लागतो. म्हणून खालचा उतारा मुद्दाम रचला आहे. पुण्यातलं कुठलंही कॉलेज धरा. निखिल टी.वाय.बी.ए.ला आहे, अंध आहे. एफ.वाय.ची स्नेहल त्याची लेखनिक. नेहमीच्या वेगाने एकदा वाचा आणि वाचून झाल्याबरोबर निखिलबद्दल मनात आलेले पहिले तीन शब्द कुठेतरी लिहून ठेवा.

अर्थशास्त्राचा पेपर अकराचा होता. स्नेहल सव्वाअकराला धावत आली. निखिलने काठी घडी करून बॅगेत ठेवली होती, ती पुन्हा काढली नाही. बाकाच्या कडेला हात लावत तो आत सरकला.

“सॉरी दादा, बसच...”

“वाच. पहिला प्रश्न.”

तासाभराने सुपरवायझर मॅडम जवळ आल्या. स्नेहलला म्हणाल्या, “याला पुरवणी लागणार आहे का?”

“मॅडम, मला विचारा ना,” निखिल म्हणाला. “लागेल.”

मॅडमनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “हुशार आहे हो पोरगं,” असं स्नेहलला सांगून त्या पुढे गेल्या.

स्नेहलचं पेन थांबलं. “लवचिकता... चि पहिली की दुसरी?”

“मला काय विचारतेस,” तो म्हणाला आणि हसला. मग म्हणाला, “पहिली. किती वाजले?”

“एक वीस.”

पुढच्या प्रश्नात मागणीचा वक्र होता. स्नेहलने पट्टी काढली, रेघ मारली, अक्षांना नावं दिली. रेघ कुठून कुठे गेली, हे निखिलने विचारलं नाही.

तीन शब्द कुठून आले

अशा उताऱ्यावर सहसा येणारे शब्द ठरलेले आहेत: जिद्दी, बिचारा, हुशार. थोडे कडक वाचक ‘तुसडा’ किंवा ‘उर्मट’ लिहितात. आता उताऱ्यात परत जाऊन एकेक शब्द शोधा. ‘हुशार’ आहे, पण तो मॅडमच्या तोंडी आहे. निवेदकाने तसं कुठेही म्हटलेलं नाही. ‘जिद्द’ दाखवणारी एकही कृती सापडत नाही. निखिल पेपर देतोय, त्या हॉलमध्ये आणखी पन्नास जण तेच करताहेत आणि त्यांना कोणी जिद्दी म्हणत नाही. ‘बिचारा’ म्हणण्यासारखं त्याला काय होतं? लेखनिक पंधरा मिनिटं उशिरा येते. त्यावर खरं तर राग यायला हवा; वाचकाला कीव येते.

म्हणजे तीनपैकी दोन शब्द वाचकाने घरून आणलेले असतात. याची पहिली मोठी चाचणी केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी घेतली. त्यांनी विद्यार्थ्यांना तेरा कविता दिल्या, कवींची नावं काढून टाकून, आणि लेखी प्रतिक्रिया मागवल्या. १९२९ साली त्यांनी त्या प्रतिक्रियांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. चांगली शिकलेली मुलं कागदावरचे शब्द बाजूला ठेवून मनात तयार असलेला प्रतिसाद उतरवून देतात, हे त्यातून दिसलं. रिचर्ड्स यांनी त्याला साठ्यातला प्रतिसाद म्हटलं. दुकानात गोदामातून माल काढून द्यावा, तसा.

अपंग पात्राच्या बाबतीत हे गोदाम भरपूर भरलेलं आहे, कारण ते कथांपेक्षा जुनं आहे. ‘आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय’, ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ या म्हणी वाचता येण्याआधी कानावर पडतात. दहावी-बारावीच्या निकालांच्या दिवसांत ‘अपंगत्वावर मात’ हा मथळा दरवर्षी नव्याने छापला जातो. बुद्धिबळातला शब्द आहे तो. मुलीने पेपर सोडवला, पण मथळ्याने तिला स्वतःच्या पायाशी लढायला लावलं. ‘असूनही’ हाही असाच एक शब्द. ‘अंध असूनही पहिला आला’ या वाक्यात अंध माणूस मागेच राहणार हे आधी गृहीत धरलेलं असतं. कथा वाचताना ‘असूनही’, ‘तरीही’, ‘मात’, ‘वरदान’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. रेघा वाढल्या की समजावं, लेखकही त्याच गोदामातून माल काढतोय.

‘दिव्यांग’ हा शब्दसुद्धा एक अर्थ लावूनच आलेला आहे. २०१५ च्या अखेरीस तो सरकारी वापरात शिरला आणि देवाने एक इंद्रिय घेतलं तर दुसरं दिव्य दिलं, ही समजूत त्याने कागदपत्रांत आणून बसवली. या लेखात साधा ‘अपंग’ वापरला आहे.

‘पोरगं’ आणि ‘याला’

मराठी वाचकाजवळ एक हत्यार आहे, जे इंग्रजीतल्या समीक्षकाजवळ नाही: नपुंसकलिंग. मॅडम वीस वर्षांच्या निखिलला ‘पोरगं’ म्हणतात. ‘पोरगा’ म्हणाल्या असत्या तर? वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मिशी फुटलेल्या मुलाला त्या ‘हुशार आहे हो पोरगं’ म्हणतील का? कदाचित म्हणतील, मराठीत नपुंसकलिंगात माया असते. पण त्यातच माणसाला लहान करून ठेवायची सोयही असते. ‘आंधळं दळतंय’ मधलं आंधळं बाई की पुरुष, याची म्हणीला गरज वाटलेली नाही. कथेत अपंग पात्राला कोण तो/ती म्हणतं, कोण ते म्हणतं, आणि लिंग कुठल्या प्रसंगी बदलतं, एवढंच टिपलं तरी अर्धी कथा हाती लागते.

‘याला’ तर त्याहून बोलका. निखिल हाताच्या अंतरावर आहे, ऐकतोय, आणि प्रश्न तिसऱ्या पुरुषात स्नेहलला विचारला जातो. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की बीबीसी रेडिओने अपंगांसाठीच्या आपल्या कार्यक्रमाचं नावच ‘डझ ही टेक शुगर?’ ठेवलं होतं. यांना साखर चालते का, हे व्हीलचेअर ढकलणाऱ्याला विचारायचं! निखिलचं ‘मला विचारा ना’ हे उद्धट वाटलं असेल तर एक करून बघा. जागा बदला. डोळस विद्यार्थी बाकावर बसलाय आणि सुपरवायझर त्याच्या शेजाऱ्याला विचारते, ‘याला पुरवणी हवी का?’ तो म्हणतो, ‘मॅडम, मला विचारा ना.’ आता वाक्यात उद्धटपणा उरतो का? त्यातला ‘ना’ ऐकू येतो का? निखिलने तो ‘ना’ घातलेला आहे. तो काढून नुसतं ‘मला विचारा’ म्हणणं सोपं होतं.

‘दादा’ मात्र खरोखर दोन्हीकडे झुकतो. एफ.वाय.ची मुलगी टी.वाय.च्या मुलाला दादा म्हणते, यात काहीच विशेष नाही. पण अपंग नायकाभोवतीच्या मुली त्याला चटकन भाऊ करून टाकतात आणि प्रेमाची शक्यता पहिल्याच पानावर मिटवतात, हीदेखील कथांमधली जुनी सवय आहे. एवढ्याशा उताऱ्यावरून यातलं काय खरं, ते ठरवता येत नाही. पुढच्या दहा पानांवर नजर ठेवायची.

करुण रस म्हणजे दया नव्हे

‘बिचारा’ लिहिणाऱ्या वाचकाला आपण करुण रसाचा अनुभव घेतोय असं वाटतं. इथे आपल्या जुन्या शास्त्राची वाटणी कामाला येते. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव शोक आहे. दया नाही. शोकात वाचक पात्राच्या शेजारी उभा राहतो. जे गेलं ते दोघांचं गेलं. दयेत वाचक वर उभा असतो. नंतरच्या शास्त्रकारांनी दयेला जागा दिली ती वीर रसात, ‘दयावीर’ म्हणून. आणि दयावीर कोण? ज्याची दया येते तो नव्हे, जो दया करतो तो.

ही वाटणी अपंग विद्यार्थ्यांच्या कितीतरी कथांना अचूक लागू पडते. व्हीलचेअरवरच्या मुलीची गोष्ट म्हणून सुरू होते, आणि संपताना कळतं की नायक तिला चार जिने उचलून नेणारा मित्र होता. ती फक्त त्याच्या चांगुलपणाची परीक्षा घ्यायला आली होती. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर या अमेरिकन अभ्यासकांनी २००० साली याच गोष्टीला नाव दिलं. मराठीत त्याला ‘कथेची कुबडी’ म्हणता येईल. पात्राला कुबडीची गरज असो-नसो, कथेला असते. कथानक पुढे ढकलायला अपंगत्व टेकू म्हणून वापरायचं, काम झालं की टेकू काढून घ्यायचा: पात्राला बरं करून, मारून किंवा एखाद्या पुरस्काराच्या स्टेजवर चढवून.

स्टेजवर चढवण्याच्या प्रकाराला ऑस्ट्रेलियातल्या पत्रकार आणि विनोदी कलाकार स्टेला यंग यांनी ‘इन्स्पिरेशन पॉर्न’ असं बोचरं नाव दिलं, २०१२ च्या एका लेखात आणि मग २०१४ च्या गाजलेल्या भाषणात. त्या स्वतः व्हीलचेअर वापरत. भाषणात त्यांनी मेलबर्नच्या शाळेतला प्रसंग सांगितला आहे. त्या अकरावीच्या वर्गाला कायदा शिकवत होत्या. वीस मिनिटं झाल्यावर एका मुलाने हात वर केला: तुमचं भाषण कधी सुरू होणार? व्हीलचेअरवरची बाई वर्गात आली म्हणजे ती प्रेरणा द्यायलाच आली असणार, असं त्याने धरलं होतं. शिक्षिका समोर शिकवत होती, आणि तो वाट बघत होता ती पुतळा बोलू लागण्याची.

ज्याला माहीत आहे, तो वेगळं वाचतो

आता उतारा पुन्हा घेऊ, पण परीक्षेची व्यवस्था जाणणाऱ्या वाचकाच्या अंगाने. अपंग परीक्षार्थींसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ साली आली. त्यांनुसार दर तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. स्वतःचा लेखनिक आणला तर तो परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा असावा, असं त्या तत्त्वांत होतं; स्नेहल एफ.वाय.ला आहे ती त्यामुळे. ऐनवेळी लेखनिक बदलावा लागला तर तशी मुभा द्यावी, असंही त्यांत आहे. ज्या प्रश्नाला डोळ्यांनी बघण्याची गरज आहे, त्याऐवजी दृष्टिहीन विद्यार्थ्याला पर्यायी प्रश्न देण्याची तरतूदही आहे.

हे माहीत असलं की उताऱ्याचा भार एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकतो. सव्वाअकरापर्यंत निखिल पेपरला हात लावू शकला नाही. केंद्रावर दुसरी लेखनिक तयार का नव्हती? एक वीस म्हणजे इतरांची चाळीस मिनिटं उरली, निखिलची शंभर. ‘तासभर जादा मिळतो, मग काय घाई आहे?’ असं वाटणाऱ्या वाचकाने तो तास जातो कुठे ते बघावं. प्रश्न ऐकायचा, लांब असेल तर पुन्हा ऐकायचा. उत्तर सांगायचं, लिहिणाऱ्या हाताच्या वेगाने, स्वल्पविराम आणि नवा परिच्छेदही सांगून. मध्येच एक मुद्दा राहिला असं लक्षात आलं, तर डोळस मुलगा वर बाण काढून वाक्य घुसवतो आणि पुढे जातो. निखिलला आधी ती जागा सापडेपर्यंत मागचं सगळं वाचून घ्यावं लागतं. शेवटी एकदा सगळं ऐकायचं. त्या तासात दयेचा एक मिनिटही नाही.

मग ‘चि पहिली की दुसरी’. वरवर हा हलका विनोद आहे: दिसणारी मुलगी न दिसणाऱ्याला वेलांटी विचारते. पण निखिल थांबत नाही, ‘पहिली’ म्हणून मोकळा होतो. त्याला हे कसं माहीत? संगणकावरचा आवाज ऐकून शिकणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ सहसा कळत नाही. ‘चि’ आणि ‘ची’ कानाला जवळजवळ सारखेच. ब्रेल वाचणाऱ्या बोटाला मात्र ते वेगळे लागतात. भारतीय भाषांसाठी १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे दोन आणि चार क्रमांकाचे टिंब, दीर्घ ई म्हणजे तीन आणि पाच. म्हणजे निखिल बहुधा लहानपणी ब्रेल शिकलेला आहे. शाळा, कदाचित वसतिगृह, कोणीतरी नेटाने शिकवणारं, हा सगळा पूर्वेतिहास एका वेलांटीत दडलेला असू शकतो. ज्याला ब्रेल माहीत नाही त्याला तिथे फक्त ‘स्वतःवरच हसणारा आंधळा’ दिसतो.

काठीचंही तसंच. घडी केलेली काठी पाहून न्यूनगंड, लाज, ‘इतरांसारखं दिसण्याची धडपड’ असे अर्थ लावणारे कमी नाहीत. बाकांच्या चिंचोळ्या ओळीत काठी पायांत येते आणि ओळखीच्या खोलीत कडेला हात लावत जाणं वेगाचं असतं, हे साधं कारण त्यांना सुचत नाही. कदाचित लाजही असेल. पण साधं कारण आधी तपासावं, मानसशास्त्र नंतर.

उताऱ्यातली खरी गाठ शेवटच्या ओळीत आहे. कथेत न लिहिलेल्या जागाच वाचकाला कामाला लावतात, असं जर्मन अभ्यासक वोल्फगांग इझर यांनी मांडलं. निखिलबद्दलची दोन ‘नाही’ उताऱ्यात आहेत: काठी काढली नाही, रेघेबद्दल विचारलं नाही. दुसरं का? स्नेहलवर विश्वास आहे म्हणून? थकला म्हणून? विचारून उपयोग नाही हे त्याला कळून चुकलंय म्हणून? की आलेखाऐवजी पर्यायी प्रश्न मिळायला हवा होता हेच त्याला कोणी सांगितलेलं नाही? वाचक कुठलं उत्तर घेतो, यावर निखिल शांत, हताश, व्यवहारी किंवा फसवला गेलेला ठरतो. चारही निखिल त्याच एका ओळीतून निघतात. ‘जिद्दी’ लिहिणारा वाचक यातल्या एकाही निखिलपाशी पोहोचलेला नसतो.

वाचकांनी बदललेली गोष्ट

साठ्यातला प्रतिसाद किती ताकदवान असतो याचा पुरावा महाभारतात आहे. आपल्याकडचा सगळ्यात जुना अपंग विद्यार्थी म्हणजे अष्टावक्र, उद्दालकाच्या आश्रमात वाढलेला. वनपर्वात तो जनकाच्या यज्ञाला जातो तेव्हा दारात त्याला अडवलं जातं, ते तो लहान आहे म्हणून. सगळा वाद वयावर होतो. केस पिकले म्हणजे कोणी मोठा होत नाही, असं तो सुनावतो, आत जातो आणि त्याच्या वडिलांना वादात हरवून पाण्यात बुडवणाऱ्या बंदी नावाच्या पंडिताला हरवतो.

पण लोकांच्या आठवणीतला अष्टावक्र वेगळा आहे. त्यात तो सभेत येतो, पंडित त्याचं वाकडं शरीर पाहून हसतात आणि तो त्यांना चामड्याची पारख करणारे म्हणतो. ही गोष्ट सुंदर आहे, पण वनपर्वातली नाही. ती पुढे रुजली. मूळ कथेने वयाचा अडथळा ठेवला होता. सांगणाऱ्या-ऐकणाऱ्यांना तो पुरेना, आठ ठिकाणी वाकलेल्या मुलाच्या गोष्टीत अडथळा शरीराचाच हवा, म्हणून त्यांनी तो आणला. आणि मूळ कथाही पूर्ण निर्दोष नाही. शेवटी वडिलांच्या सांगण्यावरून अष्टावक्र समंगा नदीत उतरतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. वादात जिंकला, वडील परत मिळाले, तरी कथेला चैन पडलं नाही. वाकडेपणा काढल्याशिवाय तिला संपता येईना.

म्हणून कुठलीही नवी कथा वाचताना शेवटापाशी समंगा शोधावी. ऑपरेशन यशस्वी, अचानक मृत्यू, एकदम यूपीएससी: तिन्ही तीच नदी.

न दिसणारं अपंगत्व

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले. त्यात अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजार आहे, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आहेत. अशा विद्यार्थ्याच्या कथेत वाचकाचा प्रतिसाद उलटा फिरतो. दिसत असेल तर कीव, दिसत नसेल तर संशय.

गडचिरोलीहून नागपूरच्या वसतिगृहात आलेली सिकलसेलची मुलगी घ्या. डिसेंबरात ती सकाळच्या प्रॅक्टिकलला दांडी मारते, सहलीत तळ्यात उतरत नाही, सारखी पाण्याची बाटली जवळ ठेवते. लेखकाने आजाराचं नाव दहाव्या पानावर सांगितलं, तर नऊ पानं वाचक तिला आळशी, नखरेल, घुमी ठरवत जातो. थंडी आणि अंगातलं पाणी कमी होणं, या दोन्हींनी सिकलसेलच्या वेदनेचा झटका येऊ शकतो, हे जाणणाऱ्याला ती पहिल्या पानापासून सावध आणि शिस्तीची दिसते. दहाव्या पानानंतर एकदा मागे जाऊन पहिली नऊ पुन्हा वाचावीत. आपण तिला कुठल्या ओळीवर दोषी ठरवलं ती ओळ सापडते, आणि बऱ्याचदा त्या ओळीत तिने काहीच केलेलं नसतं.

लेखकाची चूकही याच वाटेने पकडता येते. २०२४ सालात घडणाऱ्या कथेत विशीच्या नायकाला पोलिओ दिलेला असेल तर भुवई उंचवावी. भारतात वन्य (निसर्गतः पसरणाऱ्या) पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा आणि त्याच्या आधीची काही वर्षं रुग्ण मुख्यतः उत्तर प्रदेश-बिहारच्या पट्ट्यातले. महाराष्ट्रातला असा नायक अगदी अशक्य नाही, पण लेखकाने बहुधा स्वतःच्या बालपणीचा वर्गमित्र उचलून नव्या कॉलेजात बसवलाय.

पेन्सिल घेऊन

दोन पानं निवडा. पात्र स्वतः करतं ती क्रियापदं एका खुणेने, पात्रावर होतात ती दुसऱ्या खुणेने. आमच्या उताऱ्यात निखिल काठी ठेवतो, सरकतो, आज्ञा देतो, टोकतो, हसतो, वेळ विचारतो. त्याच्यावर होणारी क्रिया एकच, डोक्यावरून फिरणारा हात. आणि त्याच्यादेखत त्याच्याबद्दल दोनदा दुसऱ्याशी बोललं जातं. हा हिशेब उलटा निघाला, पात्र सतत उचललं, नेलं, समजावलं, पाहिलं जात असेल, तर कथा दुसऱ्या कोणाची तरी आहे.

पुढची चाचणी अदलाबदलीची: पात्राचं अपंगत्व काढून टाकलं तर काय उरतं? काहीच उरलं नाही तर ते पात्र नव्हतंच, पाटी होती. पण इथे एक फसगत होते. सगळंच्या सगळं तसंच उरलं, तरीही गडबड आहे. म्हणजे लेखकाने कुबड्या दिल्या आणि मग कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लायब्ररीत त्याला दिवसातून चारदा पाठवलं, लिफ्टचा उल्लेख न करता. ‘त्याला आम्ही अगदी इतरांसारखंच दाखवलं’ अशा कौतुकाचा खरा अर्थ पुष्कळदा हाच असतो. कायद्याची व्याख्या इथे वाचकालाही उपयोगी पडते. तिच्यानुसार दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची उणीव भोवतालच्या अडथळ्यांना भिडते, तेव्हा समाजातला सहभाग अडतो. दोन्ही बाजू हव्यात. कथेत पाय आहे पण पायरी नाही, किंवा पायरी आहे पण पाय नाही, तर एक बाजू गळलेली आहे.

विनोद आला की कोण कोणावर हसतंय ते बघा. चित्रपटांतल्या अपंगांच्या चित्रणाबद्दल जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यात हा फरक नेमका केला आहे: अपंगांना कमी लेखणारा विनोद वेगळा आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा. ‘मला काय विचारतेस’ दुसऱ्या प्रकारातला. हेच वाक्य मॅडमनी स्नेहलला म्हटलं असतं, ‘त्याला काय विचारतेस’, तर एका अक्षराच्या फरकाने ते पहिल्या प्रकारात गेलं असतं.

वाचनगटात किंवा वर्गात हे करायचं असेल तर सहा ते आठ माणसं पुरे. तीन शब्द आधी प्रत्येकाने कागदावर लिहायचे, मगच तोंड उघडायचं. नाहीतर पहिला बोलणारा ‘जिद्दी’ म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. निम्म्यांना उतारा जसा आहे तसा द्या. निम्म्यांना काठी काढून द्या, ‘मला काय विचारतेस’ हे वाक्य वगळा, आणि निखिलचा हात मोडलाय म्हणून लेखनिक आहे असं सांगा. दोन्ही ढीग शेजारी ठेवले की फरक आपोआप बोलतो. गटात एखादी अपंग व्यक्ती असेल तर तिच्याकडे वळून ‘खरंच असं असतं का हो?’ विचारू नका. ती वाचक म्हणून आली आहे, साक्षीदार म्हणून नाही, आणि तिचं अपंगत्व निखिलहून वेगळं असेल तर तिला तुमच्याइतकंच माहीत असणार.

गटात अंध वाचक असेल तर उतारा युनिकोडमध्ये टाइप करून द्या. मराठीत हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्या कितीतरी कथा जुन्या फाँटमधल्या फाइलींत किंवा स्कॅन केलेल्या पानांत अडकल्या आहेत. पहिल्या प्रकारात पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरं बडबडतो, दुसऱ्यात गप्प बसतो. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकं सुलभ रूपात उपलब्ध करून देणारा मराकेश करार मान्य करणारा भारत हा पहिला देश, २०१४ साली. तरी अंध पात्रांवरच्या चर्चेत अंध वाचक बहुधा नसतो, तो या फाइलींमुळे.

फाइल दिलीत आणि वर ‘थांब, मी वाचून दाखवतो’ असं म्हणालात, तर एक गोष्ट लक्षात घ्या. ‘मला काय विचारतेस’ मोठ्याने वाचताना तुम्हाला सूर निवडावाच लागतो: थट्टेचा, कडवट, लाडिक, थकलेला. तो निवडला की तुमचा निखिल ठरला, आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला तोच येतो. स्क्रीन रीडरचा आवाज हे वाक्य जवळजवळ सपाट म्हणतो, त्याआधीचं ‘बसच’ म्हणतो तसंच, आणि सूर ऐकणाऱ्यावर सोडतो.